नर्सबाईंना विचारा : नऊ लेकरांची बेरीज

(या सदरातली उत्तरं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात १९८३ पासून चौतीस वर्षं उपकेंद्रावर काम करून निवृत्त झालेल्या परिचारिका देतात. पत्रलेखकांची नावं छापत नाही.)

प्रश्न : मी खानापूरजवळ शाळेत शिकवतो. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षं होतं, असं वर्गात सांगितलं. एका मुलीने लगेच विचारलं, ‘सर, माझी पणजी त्याच्या कितीतरी आधी जन्मली आणि ९१ वर्षांची होऊन गेली. मग ३२ कसं?’ मला नीट सांगता आलं नाही. त्या काळी माणसं खरंच तिशीत म्हातारी होऊन मरत होती का?

उत्तर : सर, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तिने अगदी मुळावर बोट ठेवलंय. मी माझ्या आजीचं उदाहरण देते, ते तुम्ही फळ्यावर मांडा.

माझी आजी जांबोटीकडची. तिला नऊ लेकरं झाली. तिघं पहिला महिना संपायच्या आत गेली. एक नऊ महिन्यांचं होऊन हगवणीनं गेलं. एक मुलगी चार वर्षांची झाली, तेव्हा तिला देवी आल्या आणि ती गेली. राहिली चार. त्यातली धाकटी आत्या ६८ व्या वर्षी गेली, काका ७६ व्या, थोरली आत्या ८३ व्या आणि माझे वडील ८४ व्या वर्षी. वर्षाच्या आत गेलेली चारही लेकरं शून्य धरा. ४, ६८, ७६, ८३ आणि ८४ यांची बेरीज ३१५. नऊनं भागलं की ३५.

आमच्या घराची सरासरी ३५ आली, आणि पस्तिशीत आमच्या घरातलं एकही माणूस गेलेलं नाही. जी गेली ती पाळण्यात किंवा अंगणात खेळायच्या वयात गेली. जी वाचली ती म्हातारी होऊन गेली. नुसत्या त्या चौघांची सरासरी काढलीत तर जवळजवळ ७८ येते. तुमच्या विद्यार्थिनीची पणजी या दुसऱ्या गटातली.

मात्र मुलांना असंही वाटू देऊ नका, की पाळण्यातून उठलं की माणूस सुटला. प्लेग, पटकी, क्षय होते. तरण्याताठ्या बायका बाळंतपणात जात. त्यांनीही तो आकडा खाली ओढला. पण सगळ्यात जोरानं ओढला तो लहानग्यांनी. त्याचं कारण साधं हिशेबाचं आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला आणखी पाच वर्षं मिळाली तर बेरजेत पाचच मिळतात. पाळण्यातलं पोर वाचून मोठं झालं तर एकदम सत्तर मिळतात.

आणखी एक सांगा. सरासरी आयुर्मान हे कुणा एकाचं भविष्य नसतं. आज कुठल्या वयात किती माणसं दगावतात ते बघून, तसंच पुढे चालू राहिलं तर आज जन्मलेलं मूल सरासरी किती जगेल, याचा तो हिशेब असतो. २०१६ ते २०२० या वर्षांसाठी आपल्या देशाचा तो आकडा ७० आहे. आणि वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचा, म्हणजे अर्भक मृत्यूचा दर १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ होता, तो २०२० मध्ये २८ झाला. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. एक चढला तो दुसरा उतरला म्हणून, हे मुलांना न सांगता दिसेल.

उतरला कशानं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बेळगावातला व्हॅक्सिन डेपो आता लोकांना मैदान म्हणून आणि फिरायला जायची जागा म्हणून ठाऊक. तिथे एके काळी देवीची लस तयार व्हायची. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. माझ्या आत्याच्या वाट्याला ती लस आली नाही, पण मी नोकरीला लागले तेव्हा देवी हा शब्द पोरांना गोष्टीतच ऐकायला मिळत होता.

धनुर्वात मात्र मी पाहिला. सुईण विळ्यानं नाळ कापायची आणि वर राख नाहीतर शेण लावायची. पोर दोन-तीन दिवस चांगलं दूध ओढायचं. मग आठवड्याच्या आत जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचं. नुसता हात लागला तरी झटका यायचा. त्या सुईणींना मी कधी दोष दिला नाही. त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. गरोदरपणी धनुर्वाताचं इंजेक्शन, नवं कोरं ब्लेड, उकळलेला दोरा आणि नाळेला काहीही न लावणं, एवढंच आम्ही घरोघर सांगत फिरलो. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे एकाही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एक रुग्णसुद्धा नाही. त्या दिवशी मी घरात एकटीच होते आणि खूप रडले.

आजीचं एक सांगायचं राहिलं. ‘लेकरं किती?’ असं कुणी विचारलं की ती ‘चार’ म्हणायची. नऊ कधी म्हणाली नाही. पण घरात कुणाही बाळाची पाचवी असली की सटवाईपुढे ती पाच सुपाऱ्या वेगळ्या मांडायची. त्या कुणाच्या, ते मला फार उशिरा कळलं.

प्रश्न : बालमृत्यू रोखण्यात कर्नाटक पुढे की महाराष्ट्र? आणि आमच्या सीमाभागाचा वेगळा आकडा कुठे मिळेल? (येळ्ळूर)

उत्तर : अर्भक मृत्यूचे २०२० चे आकडे देते. दर हजारी कर्नाटक १९, महाराष्ट्र १६. दोघांनी मान खाली घालावी असं केरळ ६. मध्य प्रदेश ४३. देशातल्या खेड्यांचा ३१, शहरांचा १९. केरळात काही जादू नाही. मुली शिकल्या, दवाखाना चालत जायच्या अंतरावर आला, आणि तिथे गेल्यावर कुणीतरी भेटतं. दोन राज्यांत तीनचा फरक आहे आणि खेडं-शहर यांत बाराचा. तेव्हा आपल्याला विचारायचं ते हे, की कणकुंबीच्या पलीकडच्या वाडीतलं बाळ आणि बेळगाव शहरातल्या टिळकवाडीतलं बाळ यांच्यात किती अंतर आहे.

आणि नेमकं तेच या आकड्यांतून कळत नाही. हे आकडे नमुना नोंदणी पाहणीतून येतात. ती १९६९-७० पासून देशभर चालू आहे. निवडलेल्या गावांत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जिथे जुळत नाही तिथे पुन्हा घरी जाऊन खात्री करतात. पद्धत चोख आहे, पण नमुना राज्यापुरता पुरतो, तालुक्यापुरता नाही. खानापूरचं जंगल आणि बेंगळूरचे रस्ते एकाच १९ मध्ये येतात.

आपल्या भागाची खरी अडचण मला वाटतं वेगळी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर चंदगडात, सासर बेळगाव तालुक्यात. सात महिने तपासणी इकडे झाली, तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद, कन्नडमध्ये. आठव्या महिन्यात लेक माहेरी गेली. तिथल्या सिस्टरला कार्ड वाचता येत नाही, म्हणून नवं कार्ड, सगळं पहिल्यापासून. रक्त किती होतं, इंजेक्शन कधी दिलं, हे सगळं सीमेवर गळून पडतं. बाळ दीड महिन्याचं होऊन सासरी आलं की इथल्या आशाताईच्या यादीत ते नसतं आणि तिथल्या आशाताईच्या यादीतून गेलेलं असतं. मी असताना अशा बाळंतिणींसाठी वेगळी वही ठेवायची. दर सोमवारी त्यातली नावं बघून माणूस पाठवायची. त्या वह्या अजून माझ्या ट्रंकेत आहेत.

तुमच्या घरात असं बाळंतपण असेल तर एवढं करा. दोन्हीकडची कार्डं जपून ठेवा, एकही टाकू नका. साध्या कागदावर आपल्या मराठीत, आपल्या हातानं लिहा : शेवटची पाळी कधी आली, इंजेक्शनच्या तारखा, रक्ताचा आकडा, रक्तगट, बाळ जन्मलं ती तारीख, वेळ आणि वजन. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. चंदगडात जन्मलेल्या बाळाचा दाखला बेळगावात मागत बसू नका. आणि वाडी पावसाळ्यात तुटत असेल तर नववा महिना लागायच्या आधीच लेकीला रस्त्यावरच्या गावी, पाव्हण्यांकडे आणून ठेवा. बांबूला चादर बांधून, भरल्या ओढ्यातून आणलेल्या बाया मी पाहिल्यात.

तुमच्या पत्रात आपल्या भागाविषयी कमीपणाचा सूर आहे, म्हणून एक अभिमानाची गोष्ट सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव गोळीनं रोखता येतो का, याचा मोठा अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. १६२० बाया त्यात होत्या आणि गोळी देणाऱ्या आमच्यासारख्याच नर्सबाया. मिसोप्रोस्टॉल नावाची ही गोळी घेतलेल्यांत अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. आई गेली की तान्हं बाळ फार दिवस टिकत नाही, हे खेड्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून ही गोळी बाळाचीसुद्धा आहे.

प्रश्न : माझ्या सुनेला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन १ किलो ७०० ग्रॅम. आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवून घरी पाठवलंय. थंडीचे दिवस आहेत म्हणून खोलीत शेगडी पेटती ठेवतो. रोज तेल लावून कढत पाण्याची आंघोळ घाला, त्यानं बाळ धरतं, असं सगळ्या सांगतात. घालू का? (निपाणीहून एक आजी)

उत्तर : आजी, आंघोळ घालू नका. वजन पुरते दोन किलो होईपर्यंत नाही. मऊ ओलं फडकं कोमट पाण्यात पिळून पुसा, लगेच कोरडं करा, पुरे. एवढ्याशा जिवाच्या अंगात चरबी नसते. आंघोळीत नात गार पडते, आणि गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही.

ऊब पाहिजे हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण शेगडीचा धूर तिच्या छातीत जातो. शेगडी बाहेर काढा. खोलीत वारा येणार नाही असं बघा, आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा. अंगात कपडे नकोत, नुसतं टोपडं, मोजे आणि लंगोट. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधे, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, नाक मोकळं. वरून जुन्या मऊ लुगड्यानं दोघींना मिळून बांधा. दिवसाचे जितके तास जमतील तितके. सून जेवायला उठली की तुम्ही घ्या, मुलाला घेऊ द्या. बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते.

ही रीत १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी सुरू केली, कारण त्यांच्याकडे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आता पेट्या असलेल्या ठिकाणीही ती वापरतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासात, जन्मल्या जन्मल्या असं छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू पाव हिश्श्यानं कमी झाले.

ओढायची ताकद नसेल तर सुनेनं दूध वाटीत पिळून काढावं आणि उकळून घेतलेल्या वाटी-चमच्यानं दर दोन तासांनी पाजावं, रात्रीसुद्धा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन वजन करते. ती आली नाही तर निरोप धाडा, संकोच करू नका. हे घरी जाऊन बघणं आपल्याकडे गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून तयार केलं, आणि काही वर्षांत नवजात मुलांचे मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. शिकवलेली बाई गावातलीच होती, एवढीच काय ती करामत.

दूध घेईनाशी झाली, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास मोजलेत, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, हातपाय गार किंवा अंग तापलेलं, तळवे पिवळे, झटका आला, किंवा हलवूनही जागी होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि वाटेतही तिला छातीशीच धरा.

प्रश्न : बाळ जन्मल्यावर मध चाटवायचा की साखरपाणी? (बेळगाव)

उत्तर : दोन्ही नको, गुटीही नको. पहिल्या तासात आईचा चीक. गायीच्या चिकाचा खरवस आपण शेजारी वाटून खातो आणि आईचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकतो, याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलंय. वर्षाच्या आत मध तर मुळीच नाही, त्यातून तान्ह्याला लुळेपणाचा जिवघेणा आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. उन्हाळ्यातही वर पाणी लागत नाही.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझा मुलगा सहाव्या दिवशी गेला. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी जन्मला, वजन २ किलो १०० ग्रॅम. चौथ्या दिवसापासून तो फक्त झोपत होता. सगळे म्हणाले, गुणाचं पोर आहे, रडत नाही. मला कळायला हवं होतं का? बारसं व्हायच्या आधीच गेला म्हणून घरचे म्हणतात नोंद वगैरे काही नको, विसरून जा. मी विसरू शकत नाही. (नाव-गाव नको)

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं.

नाही, तुला कळायला हवं होतं असं नाही. एवढ्या लहान बाळाला आजार होतो तेव्हा बहुतेक वेळा ताप येत नाही, ते रडत नाही. ते गप होतं आणि झोपतं. मोठ्या माणसाचा आजार आरडाओरडा करतो, तान्ह्याचा आजार लपतो. ज्यांनी ‘गुणाचं पोर’ म्हटलं त्यांनीही मायेनंच म्हटलं. २०२० मध्ये देशात हजारी २८ अर्भकं गेली, त्यातली २० पहिल्या २८ दिवसांतच. कमी वजन आणि जंतुसंसर्ग ही त्याची मोठी कारणं. पहिल्या महिन्यात दूध ओढणं बंद झालं की तोच ताप, तीच हाक, हे तुला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ते काम आमचं होतं, तुझं नव्हे.

१९८६ च्या पावसात एका वाडीहून संध्याकाळी माणूस आला. म्हणाला, ‘बाई, पोर दूध वढंना झालंय, नुसतं गप पडलंय.’ ओढ्याला पाणी होतं, अंधार पडला होता. मी म्हटलं, उजाडताच येते. उजाडता गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मी तेव्हा शिकलेली होते, पगार घेत होते, आणि तरी मी थांबले. तुझ्याजवळ तर काहीच सांगणारं नव्हतं. त्या बाळाच्या आईनं मला चहा करून दिला. पुढे तिची दोन बाळंतपणं मी केली.

नोंदीचं सांगते. नोंद करायची. नाव ठेवलं नसलं तरी जन्माची नोंद होते आणि मृत्यूचीही होते, दोन्ही. दवाखान्यात जन्मला असेल तर जन्माची झालीही असेल, विचारून घे. मृत्यूला २१ दिवस उलटून गेलेत, तेव्हा उशिराचं शुल्क भरावं लागेल आणि वरची लेखी परवानगी घ्यावी लागेल, पण होते. नवऱ्याला बरोबर घेऊन जा. ज्या बाळाची नोंद नाही ते ना जन्मात मोजलं जातं ना मृत्यूत, आणि आपल्या गावात दवाखाना चांगला हवा असं सांगायला मग कागदच उरत नाही. तुझ्यासाठी तर तो एक कागद असेल ज्यावर तो होता असं लिहिलेलं आहे. त्याचा जन्मदिवस, वेळ आणि वजन मी माझ्या ट्रंकेतल्या शेवटच्या वहीत उतरून घेतलंय.

पुढचं बाळ लगेच नको. दोन वर्षं तरी अंगाला उसंत दे. रक्त तपासून लोहाच्या गोळ्या पुऱ्या घे. पुढच्या वेळी नवजात बाळांचा वेगळा कक्ष असेल अशा दवाखान्यातच बाळंतपण कर, आणि वजन कमी भरलं तर घरी न्यायची घाई करू नकोस. आशाताई पहिल्यांदा यादी करायला येईल तेव्हा विचारेल, ‘हे कितवं?’ घरचे कदाचित ‘पहिलंच’ म्हणतील. तू मात्र ‘दुसरं’ म्हण. पहिलं सहाव्या दिवशी गेलं आणि ते २ किलो १०० ग्रॅमचं होतं, हेही सांग. मग ती तुझ्या कार्डावर जोखमीची खूण करेल, आणि पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे जास्त लक्ष ठेवेल.